जुनी सर्व्हरची हार्डडिस्क लावून घरचा संगणक पळेल का?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मधल्या सुट्टीत शाळेत आले. ते बीड ते भिवंडी ट्रक चालवतात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जड वस्तू होत्या. टेबलावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, ह्या दोन हार्डडिस्का आणल्यात. मोठ्या सर्व्हरमधल्या हायेत म्हणत होता दुकानदार. ह्या लावल्या तर पोरीचा कॉम्प्युटर पळंल का हो?"

भिवंडीत एका भंगारवाल्याकडून आठशे रुपयांना जोडी घेतली होती. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितलं होतं की सर्व्हरची डिस्क मिनिटाला पंधरा हजार फेरे घेते, घरची फक्त सात हजार, म्हणजे संगणक दुप्पट वेगाने चालणार. हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी असाच फसलो होतो, त्यामुळे त्यांना हसायचा मला काही अधिकार नव्हता. ती कथा पुढे येईलच.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. लॉकडाऊनच्या काळात आपल्याकडे कितीतरी घरांत जुने संगणक आले. कुणी पुण्याच्या कंपनीतून निघालेले घेतले, कुणी नातेवाईकांनी दिलेले आणले. आपल्या शिक्षकांचंही तेच आहे. यू-डायस प्लस म्हणा, शालार्थ म्हणा, निम्मी कामं रात्री घरच्या संगणकावर होतात, आणि तो सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. एमएस-सीआयटीला आपण हार्डडिस्कची व्याख्या पाठ केली होती, पण ती चालते कशी हे कुणी फारसं सांगितलं नाही.

डिस्कच्या आत काय चालतं

हार्डडिस्कच्या पेटीत आरशासारख्या गुळगुळीत गोल तबकड्या असतात. त्या एका आसावर फिरतात. तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि माहिती त्या थरात गोल गोल मार्गांवर लिहिलेली असते. एका बाजूला एक दांडी असते, तिच्या टोकाला वाचणारी-लिहिणारी शीर्षं. ही शीर्षं तबकडीला टेकत नाहीत. तबकडी फिरताना जो वारा तयार होतो त्यावर ती तरंगतात, आणि अंतर किती, तर काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी ९५ मिलिमीटर व्यासाची धरली तर तिची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने पळत असते. सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर घालून बघा: परीघ काढा, १२० ने गुणा, सेकंदाचा तास करा. वर्तुळाचा परीघ कशाला शिकायचा, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

आता वेळ कुठे जातो ते बघा. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम शाळांवर आलं होतं, तेव्हा आपण सगळ्यांनी जुनी प्रवेश निर्गम रजिस्टरं उघडली आहेत. एखादी नोंद वाचायला किती वेळ लागायचा? पाच सेकंद. पण त्या आधी कपाटापर्यंत जायचं, योग्य वर्षाचं रजिस्टर काढायचं, मग पान सापडेपर्यंत उलटत बसायचं. खरा वेळ खातं ते शोधणं. हार्डडिस्कचं अगदी तसंच असतं. दांडी योग्य मार्गावर सरकायला लागणारा वेळ म्हणजे कपाटापर्यंत जाणं. आणि हवा तो भाग फिरत फिरत शीर्षाखाली येण्याची वाट पाहणं म्हणजे पानं उलटणं.

घरच्या ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये दांडी सरकायला सरासरी साडेआठ मिलिसेकंद धरा. एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४.१७. एकूण झाले पावणेतेरा मिलिसेकंदांच्या आसपास. एका सेकंदात असे शोध किती होतील? सुमारे ७९. सर्व्हरच्या १५,००० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये दांडीला साधारण साडेतीन मिलिसेकंद आणि अर्ध्या फेऱ्याला २. एकूण साडेपाच. सेकंदाला सुमारे १८० शोध. लॅपटॉपच्या ५,४०० वाल्या डिस्कला तर साठही जमत नाहीत.

म्हणजे ट्रकवाले दादा चुकले नव्हते. सर्व्हरची डिस्क शोधण्यात खरोखर दुपटीपेक्षा जास्त चपळ असते. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली इकडून तिकडून वाचल्या जातात, त्यामुळे हा फरक जाणवतोही. पण सलग वाचनात मात्र फरक पडेलच असं नाही. एखादा मोठा व्हिडिओ कॉपी करताना शोधाशोध नसतेच. तिथे तबकडीवर माहिती किती दाटीने लिहिली आहे यालाही महत्त्व असतं, आणि नव्या साध्या डिस्कांची दाटी जुन्या सर्व्हर डिस्कांपेक्षा पुष्कळ जास्त असते. २००९ च्या सुमाराची सीगेटची चीता पंधरा के-सात ही डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला दोनशे एमबीच्या आसपास द्यायची. आजची साधी मोठी डिस्क न फुशारता तेवढा वेग देते.

हा सल्ला आला कुठून?

पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ साली रॅमॅक यंत्रासोबत आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, आणि एवढ्या थोरल्या खटाटोपात साठवण ५० लाख अक्षरांची. म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एखाददुसरा फोटो! पुढे फेरे वाढत गेले. सीगेटने २००० साली चीता एक्स-पंधरा ही १५,००० फेऱ्यांची डिस्क बाजारात आणली. त्याच्या वर बाजारात कुणी टिकलं नाही, कारण उष्णता, आवाज आणि हवेचं घर्षण आवरेना. तबकड्याही लहान ठेवाव्या लागल्या, त्यामुळे साठवण कमी. दादांनी आणलेल्या दोन्ही डिस्का ६०० जीबीच्याच होत्या.

२००३ साली वेस्टर्न डिजिटलने रॅप्टर नावाची १०,००० फेऱ्यांची डिस्क काढली. जात सर्व्हरची, पण जोडणी घरच्या संगणकाला चालेल अशी साटा. गेम खेळणारे, व्हिडिओचं काम करणारे लोक ती हौसेने लावायचे. काही जण त्याहून पुढे जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी सर्व्हर डिस्क आणि तिचं वेगळं कार्ड शोधायचे. दुसरी एक युक्ती होती: मोठ्या डिस्कचा पहिला थोडासाच भाग वापरायचा. तो भाग तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतो, दांडीला फार फिरावं लागत नाही, शोध लवकर होतो. तेव्हा हे सगळं शहाणपणाचंच होतं. २००८ साली रॅप्टरची पुढची पिढी आली, आणि त्याच वर्षी इंटेलने घरच्या संगणकासाठी एसएसडीही आणली.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. मोबाईलच्या मेमरी कार्डासारख्या चिप असतात, अर्थात त्याहून बऱ्याच वरच्या दर्जाच्या. शोधायला लागणारा वेळ साधारण ०.१ मिलिसेकंद. एकामागून एक शोध घेतले तरी सेकंदाला दहा हजार. ७९, १८० आणि १०,०००. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की वाद संपतो. त्यामुळे तो व्हिडिओ खोटा म्हणता येणार नाही, तो शिळा होता. कालच्या भाकरीला वाईट म्हणत नाहीत आपल्याकडे, पण पाहुण्याला ती वाढतही नाहीत.

दादांच्या डिस्का का लागल्याच नाहीत

वेगाचा प्रश्न तर पुढचा होता. त्या डिस्का त्यांच्या संगणकाला जोडताच येत नव्हत्या. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. संगणकाची पेटी उघडली, आत साटा जोडणी. डिस्का निघाल्या सॅस. दोन्ही नावं ऐकायला सख्ख्या भावांसारखी, दिसायलाही जवळपास तशीच. पण साटा डिस्कच्या मागे डेटाची पट्टी आणि विजेची पट्टी यांच्यामध्ये फट असते. सॅसमध्ये ती फट बुजवलेली असते. त्यामुळे साटाची केबल तिथे बसत नाही. सर्व्हरच्या सॅस कार्डाला साटा डिस्क चालते, पण घरच्या साटा बोर्डाला सॅस डिस्क चालत नाही. मोठ्या दाव्याला लहान बैल बांधता येतो, उलटं जमत नाही, असं मी दादांना सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.

ऑनलाइन शंभर-दीडशे रुपयांना "सॅस ते साटा" नावाचा एक छोटा जोड मिळतो. तो घेऊ नका. त्याने फक्त केबल बसते, भाषा बदलत नाही. सॅस डिस्कसाठी वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं, ते बसायला मदरबोर्डवर लांब पीसीआय-एक्स्प्रेस खाच लागते, आणि ते कार्ड स्वतःच तापतं. एवढं करून शेवटी आणखी एक गंमत. मोठ्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या काही डिस्कांवर माहितीचे कप्पे ५१२ बाइटऐवजी ५२० बाइटचे पाडलेले असतात. विंडोजला त्या वापरताच येत नाहीत. लिनक्समधून पुन्हा कप्पे पाडावे लागतात आणि त्यात कित्येक तास जातात. आठशेच्या डिस्कांसाठी दोन-अडीच हजारांचं कार्ड, वर तो आवाज आणि उष्णता! अशी एक डिस्क दहा-पंधरा वॅट खाते, एसएसडी कामात असताना दोन-तीन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त वाटतं. सर्व्हर रूममध्ये ह्याच डिस्का एसीत आणि पंख्यांच्या सतत वाऱ्यात राहिलेल्या असतात.

साटावाली सर्व्हर डिस्क असेल तर?

इथे माझी कथा. मी घेतली होती ती सर्व्हरची असली तरी साटाच होती. ७,२०० फेरे, २ टीबी. ती जोडली, चालू झाली, मी खूश. "सर्व्हरची आहे, दणकट असणार," असं मीच स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होतो. वर्गाचे चार वर्षांचे फोटो, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, स्वतः बनवलेल्या शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, सगळं तिच्यावर टाकलं आणि पेन ड्राइव्हवरचं पुसून टाकलं. चौदा महिन्यांनी एका रात्री वीज गेली, आली, परत गेली. सकाळी डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत होता. पुण्याला विचारलं तर माहिती काढून देण्याचा खर्च माझ्या अर्ध्या पगाराएवढा निघाला. प्रश्नपत्रिका मी पुन्हा तयार केल्या. फोटोंचं काय करणार? त्या चार वर्षांतला एक मुलगा नंतर आजारपणात गेला. त्याची आई त्याचा शाळेतला फोटो मागायला आली होती. तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. शेवटी एका मुलीच्या घरी सहलीचा छापलेला फोटो सापडला, त्यात तो मागच्या रांगेत अर्धा दिसतो.

दोष सर्व्हर डिस्कचा होता असंही मी म्हणणार नाही. मी तिचं वय तपासलं नव्हतं, आणि दुसरी प्रत ठेवली नव्हती. पुढे वाचलं तेव्हा एक गोष्ट कळली, ती फारशी कुणी सांगत नाही. सर्व्हरची डिस्क एकटीने राहण्यासाठी बनवलेलीच नसते. सर्व्हरमध्ये अनेक डिस्का एकत्र असतात आणि एकीवरची माहिती दुसऱ्या डिस्कांच्या आधाराने पुन्हा मिळवता येते. म्हणून एखादा भाग वाचता येत नसेल तर सर्व्हरची डिस्क साधारण सात सेकंद प्रयत्न करते आणि "मला जमत नाही, दुसऱ्याला विचारा" म्हणून मोकळी होते. घरची डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कारण तिला माहीत असतं की दुसरं कुणी नाही. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी रजेवर गेले तर दुसरे वर्ग सांभाळतात, एकशिक्षकी शाळेत मात्र तापात फणफणत असलात तरी जावंच लागतं. अगदी तसं. आणि "दणकट" म्हणाल तर बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी हजारो डिस्का चालवते आणि त्यांची आकडेवारी जाहीर करते. २०१३ मध्ये त्यांनी सर्व्हरच्या आणि साध्या डिस्कांची तुलना केली, तर बिघडण्याच्या प्रमाणात सर्व्हरवाल्या काही सरस निघाल्या नाहीत.

तरीही कुणाला स्वस्तात जुनी साटा सर्व्हर डिस्क मिळत असेल आणि फक्त जास्तीची साठवण हवी असेल, तर घ्यायला हरकत नाही. मात्र पैसे देण्याआधी क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्राम लावून बघा. डिस्क स्वतःची प्रकृती स्वतः नोंदवत असते. त्यात आधी "पॉवर ऑन अवर्स" बघा. वर्षाचे तास ८,७६०. सर्व्हरची डिस्क रात्रंदिवस चालते, म्हणून ४३,८०० दिसलं तर ती पाच वर्षं अखंड राबलेली आहे. सर्व्हर डिस्कांची वॉरंटीही सहसा पाचच वर्षांची असते, त्या सुमारास मोठ्या कंपन्या त्या बदलतात आणि मग त्या बाजारात येतात. दुसरं, "रीअलोकेटेड सेक्टर" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळींपुढे शून्य हवं. गूगलने २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिली वाचन-चूक सापडल्यापासून ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी महत्त्वाच्या चार नोंदींत आधी काहीच दाखवलं नव्हतं. तेव्हा शून्य म्हणजे खात्री नाही. पेशंटचा रिपोर्ट नॉर्मल आला एवढंच.

आणि शून्य तास दाखवणारी "नवीकोरी" डिस्क फार स्वस्तात मिळाली तर जास्त सावध व्हा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हे उघडकीला आलं: सीगेटच्या मोठ्या सर्व्हर डिस्का वापरून झालेल्या होत्या, पण तासांची नोंद पुसून त्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कमध्ये खोलवर आणखी एक नोंद असते, ती पुसली गेली नव्हती म्हणून पकडलं गेलं. मोटारसायकलचं किलोमीटरचं मीटर मागे फिरवतात, त्यातलाच प्रकार.

एक छोटी अडचण बऱ्याच जणांना येते, ती सांगून ठेवतो. नव्या पिढीची साटा सर्व्हर डिस्क जोडली आणि ती फिरतच नाही, मेल्यासारखी पडून राहते. लोक ती परत करतात. ती मेलेली नसते. या डिस्कांत विजेच्या जोडणीतली तिसरी पिन डिस्क दुरून बंद करण्यासाठी वापरली आहे. जुन्या एसएमपीएसमधून त्या पिनेवर ३.३ व्होल्ट येत राहतात आणि डिस्क समजते की मला बंद राहायला सांगितलंय. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवरून वीज दिली की चालू होते, कारण त्यात ३.३ व्होल्टची तारच नसते.

सर्व्हरमधून निघालेली एक वस्तू मात्र मला खरोखर घरी आणावीशी वाटते, ती म्हणजे सर्व्हरची एसएसडी. इंटेलच्या डीसी मालिकेतल्या, २०१२-१३ च्या सुमाराच्या साटा एसएसडी अजून जुन्या बाजारात दिसतात. त्यात लहान कपॅसिटर बसवलेले असतात. अचानक वीज गेली तर त्या साठवलेल्या विजेवर हातातलं लिखाण पूर्ण करून ती थांबते. आपल्याकडच्या भारनियमनाला आणि झटक्यांना ही गोष्ट सोन्यासारखी आहे. टिकाऊपणही दांडगा: डीसी एस-३७०० या मॉडेलला पाच वर्षं रोज दहा वेळा पूर्ण भरून लिहिलं तरी चालेल, असं कंपनीचं माप होतं. आपण घरी वर्षभरातही तेवढं लिहीत नाही. मात्र इथेही आयुष्य किती टक्के उरलंय ते आधी बघूनच घ्यावं.

मग दादांचं काय केलं

आधी रोग शोधला. संगणक चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, टास्क मॅनेजर उघडला. काही न करता "डिस्क" या रकान्यात १०० टक्के, आणि मेमरीही ९० च्या वर. दोन्ही भरलेलं दिसलं तर समजा की रॅम कमी पडतेय आणि विंडोज हार्डडिस्कलाच रॅम म्हणून वापरतंय. अशा वेळी नुसती डिस्क बदलून अर्धंच काम होतं. प्रोसेसर १०० टक्के दिसत असेल तर मात्र डिस्कवर पैसे घालू नका.

चालू होण्याची वेळ मोबाईलवर मोजली: ४ मिनिटं ४० सेकंद. बीडच्या एका दुकानातून २५६ जीबीची नवी साटा एसएसडी पावतीसह २,१०० रुपयांना आणली. भाव सध्या वर-खाली होतायत, दोन ठिकाणी विचारूनच घ्या. जुन्या संगणकातून काढलेली ४ जीबी रॅमची पट्टी साडेतीनशेला मिळाली. त्यांचं बोर्ड जुनं, साटा-दोनवालं, सेकंदाला ३०० एमबीच्या वर जात नाही. तरी बिघडत नाही. आपल्याला हवी आहे शोधण्याची चपळाई, आणि ती तिथेही मिळते. त्यांची आधीची ५०० जीबीची डिस्क काढून टाकली नाही, आतच ठेवली, व्हिडिओ आणि फोटोंसाठी.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार थांबवला आहे, आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ला अधिकृत मान्यता नाही. म्हणून आम्ही लिनक्स मिंट टाकलं. ते मोफत आहे, मराठी युनिकोड टायपिंग त्यात होतं. मुलीला काही फरक कळला नाही, तिला चित्रकलेचा प्रोग्राम आणि टायपिंगचा खेळ मिळाला म्हणजे झालं. फरक दादांना कळला. चालू व्हायला ३४ सेकंद. त्यांनी मला तीनदा बंद-चालू करून दाखवायला लावलं.

आठशे रुपयांचं त्यांना वाईट वाटत होतं. त्या डिस्का भंगारात देऊ का, म्हणाले. मी म्हटलं शाळेला द्या. आणखी एक कारण होतं. त्या डिस्कांवर पूर्वी कुणाची तरी माहिती होती. फॉरमॅट केल्याने ती जात नाही, अनुक्रमणिका तेवढी फाटते, पानं राहतात. आपण शाळेचा जुना संगणक लिलावात काढतो तेव्हा त्यात मुलांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती असतात. डिस्क काढून ठेवल्याशिवाय किंवा पूर्ण पुसल्याशिवाय संगणक बाहेर जाऊ देऊ नका, मुख्याध्यापकांना हे आवर्जून सांगा.

त्यातली एक आम्ही चौथीच्या वर्गात उघडली. वरचे स्क्रू तारेच्या आकाराचे असतात, तो पेचकस मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून उसना आणला. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. लॅपटॉपच्या लहान डिस्कमध्ये मात्र काचेच्याही असतात, त्या फुटून डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून मुलांसमोर त्या उघडू नका. आतली दोन चुंबकं इतकी जोरदार असतात की मध्ये बोट सापडलं तर रक्त साखळतं, ती मी स्वतःच हाताळली. खिळ्यांची आख्खी पुडी एका चुंबकाने उचलल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. तबकडी वर्गात फिरवली. प्रत्येकाने आधी त्यात तोंड पाहिलं, भांग नीट केला, आणि मग पुढच्याकडे दिली. सगळ्यात शेवटी ती त्या मुलीकडे आली. तिने विचारलं, "गुरुजी, ह्याच्यात लिहिलेलं कुठं दिसतंय?" दिसत नाही म्हटल्यावर तिने ती उलटी करून मागची बाजूही बघितली. दुसरी डिस्क अजून शाळेच्या कपाटात आहे, कुणाला वर्गात दाखवायला हवी असेल तर घेऊन जा.